एआय एजंट कोर्सला जोडून आठ महिने झाले, आणि घोडं अडलं ते तारखेवर

हे घोळ झाल्यावर पंधरा दिवसांतच लिहिणार होते पण तेव्हा रागात होते, म्हणून थांबले. एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारा एआय प्रोग्रॅम, जून २०२५ पासून वापरतेय. माझा शिवणकामाचा कोर्स आहे, ब्लाउज कटिंग, कटोरी, प्रिन्सेस कट वगैरे, महिना २९९ रुपये मेंबरशिप. कोर्स ज्यावर चालतो त्या प्लॅटफॉर्मचं नाव घेत नाही, त्यांच्याशी वाद अजून मिटलेला नाही. जोडायचं कसं ते थोडक्यात, एपीआय की टाकायची (एजंटला प्लॅटफॉर्मच्या आत जाऊ देणारा गुप्त कोड), वेबहुक लावायचे (काही घडलं की प्लॅटफॉर्म आपोआप पाठवतो त्या सूचना), किंवा प्लॅटफॉर्मला एमसीपीची, म्हणजे एआयला बाहेरच्या सेवांशी जोडायच्या ठरलेल्या पद्धतीची, सोय असेल तर तीच वापरायची (नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने हे खुलं केल्यापासून बऱ्याच ठिकाणी आलंय). माझं सगळं भाच्याने जोडून दिलं, एका रविवारात झालं.

पहिले तीन महिने एजंटकडे एकच काम होतं, मुलींच्या प्रश्नांना धड्यांमधून उत्तरं द्यायची. चौथ्या महिन्यात मी वसुलीचं काम दिलं. म्हणजे कुणाचा हप्ता आला नाही ते बघ आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज टाक. तिथंच घात झाला.

३० सप्टेंबर, अष्टमी. दसरा दोन दिवसांवर, ब्लाउजच्या कामात मान वर करायला वेळ नाही आणि सकाळी साडेनऊपासून फोन सुरू. "ताई, हप्ता आला नाही म्हणून मेसेज आलाय, पण बँकेचा तर उद्या कापणार म्हणून आलाय की!" ऑटोपेवर असलेल्या, म्हणजे ज्यांचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो अशा ६४ जणींना एजंटने मेसेज टाकला होता की तुमचा हप्ता आज यायचा होता, आलेला नाही, या लिंकवर भरा. ऑटोपेत पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना जावी लागते हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ती सूचना सगळ्यांना बरोब्बर गेली होती, तारीख १ ऑक्टोबर. बँक खरी होती, माझा मेसेज खोटा होता. आणि तो माझ्या नावाने गेला होता.

नऊ जणींनी घाबरून लिंकवर पैसे भरले. दुसऱ्या दिवशी ऑटोपेनेही कापले. नऊ गुणिले २९९, २६९१ रुपये परत केले, ते करायलाच हवेत, पण ऑनलाइन पैसे घेणाऱ्या गेटवेचं कमिशन परत येत नाही, ते माझ्या खिशातून गेलं. रक्कम छोटी आहे. पण एका बाईने मला सांगितलं की तिने ते २९९ सासूकडून मागून भरले होते आणि वर बोलणी खाल्ली. हे माझ्या मनातून अजून जात नाही.

भाचा संध्याकाळी आला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मावशी, हे शेवटचं झेड अक्षर बघ." प्लॅटफॉर्म एजंटला पुढच्या हप्त्याची तारीख देत होता ती अशी: ३० सप्टेंबर, १८:३०, आणि शेवटी झेड. झेड म्हणजे ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, आपली नाही. त्यात साडेपाच तास मिळवले की होतात रात्रीचे बारा, म्हणजे १ ऑक्टोबर. एजंटने तारीख तेवढी वाचली, वेळ सोडून दिली, आणि सकाळी आज पैसे यायचे होते असं ठरवून टाकलं.

आता माझा आक्षेप नीट सांगते कारण प्लॅटफॉर्मच्या सपोर्टवाल्यांना तो आठ ईमेलमध्येही कळला नाही. वेळ यूटीसीत साठवणं चूक नाहीये, सगळीकडे तसंच करतात, भाच्यानेही तेच सांगितलं. पण खातं उघडताना यांनीच मला टाइम झोन विचारला होता आणि मी आशिया/कोलकाता निवडला होता. माझ्या अॅडमिनच्या पानावर तीच तारीख १ ऑक्टोबर दिसते. म्हणजे मला दाखवताना बदलून दाखवतात आणि एजंटला देताना कच्ची देतात, सोबत माझा टाइम झोनसुद्धा पाठवत नाहीत. एकाच गोष्टीच्या दोन तारखा! मी पानावर बघून सगळं बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहणार आणि मागे एजंट दुसऱ्याच दिवसावर काम करणार. अकरा दिवसांनी उत्तर आलं, इंग्रजीत चार ओळी, की सर्व वेळा यूटीसीत असतात असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. शिवणकाम शिकवणारी बाई डॉक्युमेंटेशनचं ते पान कधी उघडणार? आणि महिन्याच्या एक तारखेला हप्ता ठेवणारी मी एकटी आहे का, भारतातल्या प्रत्येक क्लासवाल्याला हा फटका बसणार, रात्री बारा ते पहाटे साडेपाच यातली कुठलीही वेळ यूटीसीत आदल्या दिवसावरच पडते.

तेव्हा सगळं बंद करून टाकायचं ठरवलं होतं. भाचा म्हणाला, "एक महिना दे, दुरुस्त करतो." त्याने तीन गोष्टी केल्या. तारखेचं गणित एजंटकडून काढून घेतलं, साडेपाच तास मिळवायचं काम आता साधा कोड करतो आणि एजंटला फक्त आपली तारीख मिळते. दुसरं, तारीख उलटली म्हणून मेसेज नाही, पेमेंट फेल झाल्याचा वेबहुक आला तरच. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, मेसेज आता आपोआप जात नाही, एजंट मसुदा करून ठेवतो, मी वाचून पाठव दाबते. चहा होईपर्यंत वीस मसुदे बघून होतात. ऑक्टोबरपासून एकही चुकीचा मेसेज गेलेला नाही.

(वेबहुकचं एक आणखी, उत्तर वेळेत मिळालं नाही तर प्लॅटफॉर्म तोच वेबहुक पुन्हा पाठवतो, त्यामुळे एका मुलीला स्वागताचा मेसेज तीनदा गेला. प्रत्येक वेबहुकचा नंबर जपून ठेवायचा आणि तोच परत आला तर सोडून द्यायचा, एवढंच.)

उत्तरं देण्याचं काम मात्र मला मनापासून आवडलंय, आणि याची मला अपेक्षा नव्हती. सुरुवातीला एकदा घोळ झाला. ३६ छातीच्या ब्लाउजच्या मुंढ्याबद्दल (बाही जोडतात त्या गोलाईबद्दल) एकीने विचारलं आणि एजंटने धडा सोडून कुठलं तरी दुसरंच सूत्र सांगितलं, तिने अस्तर कापलं, वाया गेलं. प्रत्येक मास्तरची कटिंगची पद्धत वेगळी असते, दोन पद्धती मिसळल्या की ब्लाउज बसत नाही. तेव्हापासून नियम असा की धड्यात असेल तेच सांगायचं, कुठल्या धड्यात कितव्या मिनिटाला ते सांगायचं, आणि नसेल तर "ताईंना विचारून सांगते" म्हणून माझ्याकडे पाठवायचं. आता रात्री अकराला कुणी विचारलं की काखेत चुणी पडतेय, तर तिला पाचव्या धड्याचं नेमकं मिनिट मिळतं. आधी माझे रोज रात्रीचे दोन तास यात जायचे.

आणि सातवा धडा. डिसेंबरमध्ये एजंटला विचारलं की मुली कोर्स कुठे सोडतात. कोण किती व्हिडिओ बघतं ते प्लॅटफॉर्म देतोच, मी ते कधी उघडून बघितलं नव्हतं. एजंटने सांगितलं, कटोरी जोडायच्या सातव्या धड्यात चौदाव्या मिनिटाच्या आसपास खूप जणी थांबतात आणि पुन्हा येत नाहीत, आणि प्रश्नही तिथलेच जास्त आहेत, बहुतेक "एक तुकडा लांब उरतो" असे. मी व्हिडिओ लावला. तिथे मी "ही खूण त्या खुणेला लावा" म्हणते आणि नेमका माझा डावा हात खुणेवर आहे! गोलाई तिरकी कापलेली असते, ओढली की ताणते, खुणा जुळवल्या नाहीत तर एक तुकडा लांब उरणारच. दोन वर्षं मी मुलींना हळू शिवा म्हणून सांगत होते, आणि त्यांना खूण दिसतच नव्हती. त्याच आठवड्यात कॅमेरा वरून लावून धडा परत रेकॉर्ड केला. जानेवारीच्या बॅचमध्ये अकरा जणींनी पहिली कटोरी शिवून फोटो टाकले, एकीची शिलाई इतकी सफाईदार की मी फोटो मोठा करून करून बघितला.

खर्चाचं सांगते. पहिल्या महिन्यात एजंटच्या वापराचं बिल १९०० आलं, मी हादरले. कारण असं की प्रत्येक प्रश्नाला सगळ्या धड्यांचा मजकूर पाठवला जात होता, आणि देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन (एआय मजकुराचे जे छोटे तुकडे मोजून बिल लावतो ते) जास्त लागतात. आता आधी धडा शोधतो आणि तेवढाच पाठवतो, बिल ६५०च्या आसपास येतं. हे परवडतं.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाळली. मुली प्रश्नात स्वतःची मापं लिहितात, कधी अंगावरच्या ब्लाउजचे फोटो टाकतात. फोटो आणि फोन नंबर एजंटकडे जात नाहीत, आधीच गाळले जातात, मेसेज पाठवायचं कामसुद्धा नुसत्या मेंबर नंबरावर चालतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं, त्या बायका माझ्या भरवशावर माप लिहितात. तुम्ही जोडणार असाल तर एपीआय की बनवताना फक्त वाचायची परवानगी वेगळी मिळते का हे आधी विचारा, माझ्या प्लॅटफॉर्मवर एकच की, तिने मेंबर काढूनही टाकता येतो.

वार्षिक प्लॅन घ्या म्हणून त्यांचा मेल आलाय, दोन महिने फुकट. मी उत्तर पाठवलं की माझा टाइम झोन एजंटपर्यंत पोचवा, त्या दिवशी वर्षाचे भरते. तोवर महिन्याचेच भरणार, आणि दर एक तारखेला सकाळी आधी मसुदे वाचणार, मग मशीनवर बसणार.