फुलांनी लगडलेली वेल, पण मुळंच नाहीत

ब्लीडिंग हार्टची वेल ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. मला 'कुंडीत रुजलेली, फुलावर आलेली वेल' म्हणून जे पाठवलं, ते रोप नव्हतंच. मोठ्या वेलीची फुललेली फांदी कापून मातीत खोचली होती.

आली तेव्हा पानं टवटवीत, पांढऱ्या-लाल फुलांचे घोस. थोड्याच दिवसांत पानांनी माना टाकल्या, घोस मात्र तसेच. विक्रेता म्हणाला, "पाणी जास्त होतंय." पाणी कमी केलं, तरी तेच. शेवटी खोड धरून हलकंच ओढलं, तर अलगद हातात आलं. खाली तिरका काप, काळा पडलेला, मुळाचा एक तंतूही नाही. फांदी हलू नये म्हणून माती ठोकून घट्ट बसवलेली. फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, "प्रवासात मुळं तुटली असतील." तुटली असती तर तुकडे मातीत सापडले असते ना? सगळी माती चाळली, काही नव्हतं. हे लिहिल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. पैसे गेले ते गेलेच.

ही वेल, क्लेरोडेंड्रम थॉमसोनी, पश्चिम आफ्रिकेतली, आपल्या तुळशीच्याच कुळातली. तिचं खरं फूल म्हणजे तो लाल भाग, तो लवकर गळतो. पांढरा भाग हा निदलपुंज, म्हणजे फुलाबाहेरचं आवरण, तो कितीतरी जास्त टिकतो. म्हणून घोस ताजे दिसत राहतात आणि परत करायची मुदत निघून जाते. हाच पांढरा भाग जुना झाला की जांभळट गुलाबी होतो. तसले फोटो 'दुर्मीळ जात' म्हणूनही खपवतात. निळ्या फुलांचं बी तर अजिबात घेऊ नका, या वेलीला निळं फूल येतच नाही.

घेताना कुंडीच्या तळच्या भोकातून मुळं दिसतात का ते बघा, किंवा मुळांचा व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच सोडा. फुलं नसलेलं, नवी पालवी फुटणारं छोटं रोप केव्हाही चांगलं.

कुणाकडे वेल असेल तर सरळ फांदी मागून घ्या. अर्धवट जून झालेली, बिनफुलांची, वीतभर. खालची पानं काढून भुसभुशीत मिश्रणात लावा, ऊब आणि दमटपणा राखा. मुळं धरली की थेट नाही, गाळून येणाऱ्या उन्हात ठेवा, पाणी साचू देऊ नका. फुलं नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे बहर ओसरल्यावर छाटणी करा. थंडीत पानं गळाली तर घाबरू नका, तेवढे दिवस पाणी कमी द्या.