बोलेरो की हिमालयन? नाशिकहून जन्मभराच्या भटकंतीसाठी

एकदाच लेह बघून यायचं असेल तर भाड्याची गाडी घ्या आणि हा हिशेब सोडून द्या. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं रस्त्यानेच फिरायचं पक्कं असेल, तर आपल्याकडे बहुतेकांचं घोडं दोन गाड्यांपाशी अडतं: सेकंडहँड बोलेरो किंवा रॉयल एनफील्डची हिमालयन बाइक.

आधी डोंगरापर्यंत पोहोचायचं बघू. नाशिक ते मनाली सुमारे १,८०० किलोमीटर. धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर हा आग्रा रोड मे महिन्यात दुचाकीवर कापायचा म्हणजे बर्फ दिसायच्या आत अंग भाजून निघतं. बोलेरोत दोघं आळीपाळीने चालवतात, पोरंबाळं, स्टोव्ह, अंथरूण सगळं मावतं. हिमालयनकडे याला एक चोख उत्तर आहे: नाशिकरोडला टाकी रिकामी करा, रेल्वे पार्सलने गाडी दिल्लीला धाडा, आपण मागून जा.

मनाली-लेह रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. बोलेरोच्या डिझेल इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, असल्याने ती फारशी धापत नाही. हिमालयन जुनी घेणार असाल तर २०१६ ची, कार्ब्युरेटरवाली टाळा. विरळ हवेत पेट्रोल प्रमाणाबाहेर जातं आणि गाडी गुदमरते. फ्युएल इंजेक्शनवाली स्वतःच जुळवून घेते. जुन्या हिमालयनची टाकी १५ लिटरची, त्यामुळे मनाली-लेह रस्त्यावर जास्तीचा कॅन बांधावाच. बहुतेक बोलेरोंना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, नसतो, हेही लक्षात असू द्या. चिखलात नाल्याच्या मधोमध अडकलात तर ढकलायला माणसं लागतात; बाइक दोघांत निघते.

दुरुस्तीत मात्र तुलनाच नको. बोलेरो आपल्या सातपूरची म्हणून मी भाव खात नाही (थोडा खातो). पण पोलिसांकडे तीच, वनखात्याकडे तीच, गावच्या सरपंचाकडेही तीच. पाटा तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिस्त्री सापडतो. हिमालयनचा पार्ट मोठ्या शहरातून मागवून वाट बघावी लागते.

त्यामुळे भारत, नेपाळ, भूतान एवढंच मनात असेल तर माझं मत बोलेरोला. नेपाळच्या नाक्यावर भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरलं की गाडी आत.

इराण, तुर्कस्तान, युरोप खुणावत असेल तर गणित उलटतं. पाकिस्तानातून रस्ता मिळत नाही, म्हणजे गाडी आधी जहाजाने न्यायची. बोलेरोला अख्खा कंटेनर लागतो, बाइक लाकडी पेटीत बसते आणि विमानानेही जाते. शिवाय बऱ्याच देशांत कार्ने (गाडी तात्पुरती आत नेण्याचं सीमाशुल्काचं हमीपत्र) लागतं, आणि त्याची हमी रक्कम गाडीच्या किमतीवर ठरते. अशांनी हिमालयनच घ्यावी, आणि बोलेरोसाठी ठेवलेल्या पैशातून जे उरेल ते या हमीसाठी बाजूला टाकावं.