रेडिस ८ की व्हॅल्की : आधी आपली आवृत्ती पाहा

रेडिस हा डेटा मेमरीत ठेवणारा वेगवान सर्व्हर, आणि व्हॅल्की ही त्याच्याच कोडवरून निघालेली वेगळी शाखा. रेडिस ८ वर जायचं की व्हॅल्कीवर, या प्रश्नाची बहुतेक चर्चा वेगाच्या आकड्यांभोवती फिरते. निर्णय मात्र दुसरीच गोष्ट ठरवते: आत्ता सर्व्हरवर कोणती आवृत्ती चालू आहे. ती ७.२ किंवा त्याआधीची असेल, तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ७.४ किंवा पुढची असेल, तर व्हॅल्कीकडे जाणारी वाट बरीच खडतर झालेली आहे. म्हणून ‘इन्फो सर्व्हर’ आणि ‘मॉड्यूल लिस्ट’ या दोन आज्ञा आधी चालवा आणि मग पुढचं वाचा.

फाटा कुठे फुटला ते थोडक्यात. रेडिस २००९ पासून बीएसडी या जवळपास सगळं करू देणाऱ्या मुक्त परवान्याखाली होता. २० मार्च २०२४ रोजी कंपनीने जाहीर केलं की ७.४ पासून तो आरएसएएल आणि एसएसपीएल या दुहेरी परवान्याखाली येईल; हे दोन्ही ओपन सोर्स मानले जात नाहीत. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने ७.२.४ च्या कोडवरून व्हॅल्की सुरू केला. मागे एडब्ल्यूएस, गूगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन आणि स्नॅप होते. मे २०२५ मध्ये रेडिस ८ आला आणि त्यात एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा तिसरा पर्याय जोडला गेला. त्यामुळे ‘रेडिस आता ओपन सोर्स राहिला नाही’ हे वाक्य ७.४ ला लागू पडतं, ८ ला नाही.

परवाना

स्वतःच्या अ‍ॅपमागे कॅश (वारंवार लागणाऱ्या डेटाची तात्पुरती साठवण) म्हणून रेडिस चालवणाऱ्याला यातला कुठलाच परवाना अडवत नाही. आरएसएएलची मुख्य बंदी आहे ती रेडिस इतरांना सेवा म्हणून पुरवण्यावर. एजीपीएलची जादा अट आहे ती कोड बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला देण्यावर: तसं केलंत, तर बदललेला कोड त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. रेडिस जसाच्या तसा चालवून सॉकेटवरून त्याच्याशी बोलणाऱ्या अ‍ॅपला ही अट लागत नाही, असाच याचा रूढ अर्थ घेतला जातो. तरीही काही मोठ्या कंपन्यांच्या धोरणात एजीपीएलला सरसकट मनाई असते. ग्राहकाच्या यंत्रावर बसवायच्या उत्पादनात तुम्ही रेडिस घालून देत असाल, तर ग्राहकाचा विधी विभाग हा प्रश्न विचारणारच. तिथे बीएसडीखालचा व्हॅल्की सरळ सुटतो. शिवाय व्हॅल्कीच्या तांत्रिक समितीत अनेक कंपन्यांची माणसं आहेत, त्यामुळे एका कंपनीने ठरवून परवाना बदलण्याची भीती इथे खूपच कमी आहे. दूरवरचा विचार करणाऱ्यासाठी हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे.

डेटाचा साचा : खरी गाठ इथे आहे

मेमरीतला सगळा डेटा डिस्कवर ज्या आरडीबी फाइलमध्ये उतरतो, तिला स्वतःचा आवृत्ती क्रमांक असतो. रेडिस ७.२ मध्ये तो ११ आहे आणि व्हॅल्की ७.२ व ८ मध्येही ११ च आहे. रेडिस ७.४ ने तो १२ केला. त्यामुळे ७.४ ची फाइल व्हॅल्की ८ ला दिली, की तो ‘आरडीबी १२ हाताळता येत नाही’ म्हणत सुरूच होत नाही. रेप्लिकेशनही (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर, म्हणजे रेप्लिकावर, सतत उतरवत राहणं) चालत नाही, कारण पहिल्या पूर्ण सिंकमध्ये हीच फाइल पाठवली जाते. एकेक नोंद ‘डम्प’ने काढून ‘रिस्टोर’ने घालण्याची पळवाटही बंद असते, कारण डम्पच्या शेपटाला तोच क्रमांक चिकटलेला असतो.

७.४ नंतरच्या रेडिसवरून व्हॅल्कीवर यायचं, तर प्रत्येक ‘की’ (ज्या नावाखाली डेटा साठवलेला असतो ते नाव) वाचून तिच्या प्रकारानुसार नव्याने लिहिणारं साधन लागतं. त्यात सर्वांत जास्त हरवते ती ‘की’ची मुदत, म्हणजे ती आपोआप पुसली जाण्याची वेळ. उरलेले सेकंद मोजून पुन्हा लावू नका. ‘पी-एक्स्पायर-टाइम’ने नेमका क्षण वाचा आणि तोच नव्या बाजूला द्या. निव्वळ कॅश असेल तर हा खटाटोप करूच नका. रिकामा व्हॅल्की उभा करा आणि वाहतूक हळूहळू वळवा, म्हणजे मागच्या डेटाबेसवर एकदम भार पडणार नाही.

उलट दिशेला, म्हणजे व्हॅल्की ८ वरून रेडिस ८ वर परतणं, साच्याच्या दृष्टीने शक्य असतं. व्हॅल्की ९ ने मात्र आपला क्रमांक मुद्दाम ८० केला आहे, जेणेकरून दोघांच्या फाइल्सची गल्लत होऊ नये. तिथून रेडिसकडे फाइल नेऊन परतता येत नाही. अजून मन पक्कं नसेल, तर व्हॅल्की ८.१ वर थांबा.

७.२ वरून व्हॅल्कीवर : क्रम

नव्या यंत्रावर जुनीच कॉन्फिग फाइल चालते, पोर्टही ६३७९ च. पासवर्ड, एसीएल फाइल (कोणत्या वापरकर्त्याला काय करता येईल त्याची यादी) आणि ‘मॅक्समेमरी’ (मेमरी वापराची कमाल मर्यादा) यांची नक्कल झाली आहे ना, ते डोळ्यांनी तपासा. ‘मॅक्समेमरी’ राहून गेली तर तिचं मूल्य शून्य, म्हणजे अमर्याद असतं आणि काही दिवसांनी यंत्राचीच मेमरी संपते.

मग व्हॅल्कीवर ‘मास्टर-ऑथ’ भरून ‘रेप्लिका-ऑफ’ने जुन्या सर्व्हरचा पत्ता द्या. ‘मास्टर-लिंक-स्टेटस’ अप दिसेपर्यंत थांबा. डेटा मोठा आणि लेखन जोरात असेल, तर इथे हमखास एक गोष्ट बिघडते: सिंक अर्ध्यावर तुटतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, पुन्हा तुटतं. कारण जुन्या सर्व्हरवर रेप्लिकासाठीच्या आउटपुट बफरची मर्यादा मुळात २५६ एमबी, किंवा सलग ६० सेकंद ६४ एमबी एवढीच असते. सुरुवातीलाच ती १ जीबीच्या आसपास न्या आणि १ एमबीचा रेप्लिकेशन बॅकलॉग (जोडणी तुटल्यास पुढे चालू ठेवण्यासाठी राखलेले ताजे बदल) काहीशे एमबी करा. जुन्या यंत्रावर फोर्क होतो, म्हणजे सर्व्हरच्या प्रक्रियेची तात्पुरती नक्कल बनते, म्हणून तिथे मोकळी मेमरी हवी आणि ‘ओव्हरकमिट-मेमरी’ १ असावं.

आता वळण. जुन्या सर्व्हरवर ‘मिन-रेप्लिकाज-टू-राइट’, म्हणजे किमान इतक्या रेप्लिका जोडलेल्या असतील तरच लेखन घेण्याची सेटिंग, १ करा (आधीच्या रेप्लिका असतील तर त्यांची संख्या अधिक १). मग ‘क्लायंट पॉज’ फक्त लेखनासाठी, १०,००० मिलिसेकंदांचा. दोन्हीकडचे ऑफसेट (रेप्लिकेशन कुठवर पोचलं तो आकडा) जुळले, की व्हॅल्कीवर ‘रेप्लिका-ऑफ नो वन’ आणि अ‍ॅपचा पत्ता बदला. पहिली सेटिंग विसरलात, तर पॉज संपताच जुन्या जोडण्या जुन्याच सर्व्हरवर निमूटपणे लिहीत राहतात आणि डेटा दोन ठिकाणी फाटतो. सेटिंग असेल तर त्या जोडण्यांना स्पष्ट त्रुटी मिळते, आणि अशा वेळी स्पष्ट त्रुटीच हवी असते.

क्लायंट लायब्ररी बदलायची गरज नाही. व्हॅल्की सुसंगतीसाठी स्वतःची ‘रेडिस-व्हर्जन’ ७.२.४ अशीच सांगतो. खरा क्रमांक ‘व्हॅल्की-व्हर्जन’ या वेगळ्या ओळीत असतो. आवृत्ती पाहून नव्या आज्ञा चालू करणारी लायब्ररी त्यामुळे फसते आणि आज्ञा असूनही ती वापरत नाही.

कोणाकडे काय आहे

रेडिस ८ ची बाजू इथे भक्कम आहे. जेसन, शोध, टाइम सिरीज, ब्लूम व ककू फिल्टर (एखादी गोष्ट आधी आली होती का, हे थोड्या जागेत अंदाजाने सांगणारे), टॉप-के (सर्वाधिक वेळा येणाऱ्या गोष्टींची यादी) हे सगळं मूळ सर्व्हरसोबतच येतं, वर व्हेक्टर (साम्य शोधण्यासाठीच्या आकड्यांच्या रांगा) साठवणारा व्हेक्टर सेट हा नवा प्रकार आहे. व्हॅल्कीत जेसन, ब्लूम आणि शोध ही वेगळी मॉड्यूल्स आहेत, तयार कंटेनर प्रतिमेत ती एकत्र मिळतात. पण व्हॅल्कीचं शोध मॉड्यूल व्हेक्टर शोधापासून वाढत आलं आहे. तुमच्या क्वेरी मजकूर शोधावर आणि अ‍ॅग्रिगेशनवर उभ्या असतील, तर आज्ञांची नावं सारखी दिसली म्हणून विसंबू नका, प्रत्येक क्वेरी चालवून पाहा. मॉड्यूलचा डेटा असलेली आरडीबी त्या मॉड्यूलशिवाय उघडतच नाही, हेही ध्यानात असू द्या. शोध आणि टाइम सिरीजवर बेतलेल्या अ‍ॅपने रेडिसवरच राहावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

हॅशमधल्या (एका ‘की’खाली अनेक फील्ड ठेवणारा प्रकार) एकेका फील्डला मुदत लावण्याची सोय रेडिसमध्ये ७.४ पासून आहे, व्हॅल्कीत ९.० पासून. ती हवी असेल तर व्हॅल्की ८.१ चा पर्याय बाद होतो.

वेग आणि मेमरी

व्हॅल्की ८.० साठी प्रकल्पाने एका नोडवर सेकंदाला सुमारे १२ लाख विनंत्यांचा आकडा दिला आहे. तो अनेक आयओ थ्रेड्स (नेटवर्कवरचं वाचन-लेखन वाटून घेणारे) चालू असतानाचा आहे. मुळात ‘आयओ-थ्रेड्स’ १ असतो, म्हणजे नुसतं अपग्रेड करून हा लाभ मिळत नाही. शिवाय आज्ञा अजूनही मुख्य थ्रेडवरच चालतात. लांबलचक लुआ स्क्रिप्ट (सर्व्हरच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा सगळ्या की शोधणारी ‘कीज’सारखी आज्ञा दोन्हीकडे सगळ्यांना तितकीच खोळंबवते. मुख्य थ्रेडचा सीपीयू निम्माही भरत नसेल, तर वेगाचा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच.

बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, स्वतः घेताना ‘-आर’ पर्याय द्या, नाहीतर सगळ्या विनंत्या एकाच कीवर जातात. पाइपलाइनिंग (उत्तराची वाट न पाहता अनेक आज्ञा एकदम पाठवणं) अ‍ॅप वापरत नसेल तर चाचणीतही नको, आणि चाचणी वेगळ्या यंत्रावरून चालवा.

मेमरीत व्हॅल्की ८.१ चं नवं हॅशटेबल प्रत्येक कीमागे साधारण २० बाइट वाचवतं, मुदत असलेल्या कीमागे ३० पर्यंत. १० कोटी छोट्या की असतील तर ही २ जीबी बचत आहे. प्रत्येक मूल्य ५ केबीचं असेल तर ती जाणवणारही नाही.

थांबायचंच असेल तर

७.२ वर राहणं हाही पर्याय आहे, पण ७.२.४ वर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुआ इंजिनातली अतिगंभीर त्रुटी जाहीर झाली. लॉगिन झालेला वापरकर्ता खास रचलेल्या स्क्रिप्टने सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. ती रेडिस ७.२.११ व ८.२.२ मध्ये आणि व्हॅल्की ८.०.६ व ८.१.४ मध्ये दुरुस्त झाली. अ‍ॅप लुआ वापरत नसेल, तर एसीएलमधून त्या वापरकर्त्याची स्क्रिप्टिंगची परवानगी आजच काढून टाका, मग निवड रेडिसची होवो की व्हॅल्कीची.