छोटी हायब्रिड आपल्याला का मिळत नाही, आणि तोवर काय घ्यावं

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून आमच्याकडे टोयोटाची हायरायडर हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. नाशिकमध्ये रोज गाडी चालवणाऱ्याने हायब्रिड घ्यावी का, असं ओळखीतले आता वरचेवर विचारतात. माझं मत पक्कं झालंय. तंत्र पहिल्या दर्जाचं आहे. गाडी मात्र आम्हा दोघांच्या गरजेपेक्षा मोठी आहे आणि महागही आहे. मला हेच तंत्र स्विफ्टच्या आकाराच्या गाडीत हवं होतं. जगात ते पंधराएक वर्षांपासून मिळतंय, आपल्याकडे मिळत नाही.

माझी उभी हयात सातपूरला डिझेलच्या नोझल-इंजेक्टरच्या कामात गेली. इंधनाचा थेंब किती बारीक फुटतो, कधी फुटतो, यावर दिवस घालवलेले. त्यामुळे ॲव्हरेजकडे मी फक्त पैशांच्या नजरेने बघत नाही. द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर गाडी दहा-दहा फूट सरकते तेव्हा इंजिन जवळजवळ काहीच काम करत नसतं, पण पेट्रोल पीत असतं. आता सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते खोदलेत, त्यामुळे हे सरकणं आणखी वाढलंय. हायब्रिडचा फायदा नेमका इथे आहे. सरकताना इंजिन बंद, मोटर चालू. ब्रेक दाबला की जी ऊर्जा ब्रेकपॅड तापवण्यात वाया गेली असती, तिच्यातली बरीचशी बॅटरीत परत येते.

टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही आणि नेहमीचा गिअरबॉक्सही नाही. एक प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाकं फिरतात असा) आणि त्याला जोडलेली इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर, एवढंच. इंजिन कोणत्या वेगाने फिरवायचं हे चाकांवर अवलंबून राहत नाही, म्हणून संगणक त्याला जिथे कमी पेट्रोलमध्ये जास्त काम होतं तिथेच चालवतो. इंजिनही ॲटकिन्सन सायकलचं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, ताकद थोडी कमी पण पेट्रोलचा उपयोग चांगला. ताकदीची तूट मोटर भरून काढते. हे सगळं १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून चालत आलेलं आहे. इतकी वर्षं टिकलेली यंत्रणा म्हणूनच मला तिच्यावर विश्वास वाटतो.

कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. फुल टू फुल मोजून मला शहरात २२ च्या आसपास मिळतात, आणि समृद्धीवर शंभरच्या वेगाने गेलं की १९. आकडे उलटे छापलेले नाहीत, हायब्रिड शहरातच जास्त देते. ज्यांचं बहुतेक फिरणं हायवेवर आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

कसारा घाट उतरतानाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण या गाडीची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे दिसतात. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत साधारण तीनशे मीटरचा फरक आहे. माणसं-सामान धरून दीड टनाची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा हिशेबाने सव्वा युनिटभर ऊर्जा मोकळी होते. बॅटरी आहे ०.७६ युनिटची, आणि तीही आयुष्य टिकावं म्हणून पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. अर्ध्या घाटातच पडद्यावरच्या बॅटरीच्या दांड्या वरपर्यंत जातात. त्यानंतर इंजिनचा आवाज एकदम वाढतो. नवीन माणूस दचकतो, त्याला वाटतं उतारावर गाडी पेट्रोल का जाळतेय. ती जाळत नसते. बॅटरीत जागा उरलेली नाही म्हणून गाडी इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरवते आणि त्याच्या जोरावर वेग रोखून धरते. गिअरचा लिव्हर ‘बी’वर, म्हणजे इंजिनने वेग रोखण्याच्या जागेवर, टाकला की हे आणखी चांगलं होतं आणि ब्रेक तापत नाहीत. घाटात ‘बी’ वापरा, हे डिलिव्हरीच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही. मॅन्युअलमध्ये आहे.

चढावर मात्र सुख नाही. नांदुरीहून वणीचा गड चढताना तीन सिलेंडरचं इंजिन सलग घुमत राहतं. पाय जास्त दाबला की आवाज वाढतो आणि वेग त्यामागून सावकाश येतो. गाडी कमी पडत नाही, चढते व्यवस्थित. पण आमच्या सौ. दर वेळी विचारतात, ‘‘अहो, हिला त्रास होतोय का?’’

आता लहान गाडीचं. लेक-जावई नागोयाला असतात. त्यांच्याकडे जुनी, पहिल्या पिढीची टोयोटा ॲक्वा आहे आणि तिथे राहायला गेलो तेव्हा मी तिच्यात भरपूर फिरलो. लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या चार मीटरच्या मर्यादेत पाच मिलिमीटर राखून. आत चार माणसं नीट बसतात. बॅटरी मागच्या सीटखाली असल्यामुळे डिकी शाबूत. सीटच्या कडेला बॅटरीसाठी हवा ओढणारी जाळी आहे, ती जावई अधूनमधून व्हॅक्यूमने साफ करतात, एवढीच जास्तीची देखभाल. सिग्नलला गाडी थांबली की घड्याळ ऐकू येईल इतकी शांतता. मी एका कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, मला त्या शांततेचं फार अप्रूप वाटलं.

हीच ॲक्वा अमेरिकेत प्रियस सी नावाने २०१२ ते २०१९ विकली गेली. आकड्यांची गंमत बघण्यासारखी आहे. जपानच्या तेव्हाच्या जेसी०८ चाचणीत ती लिटरला ३५.४ किलोमीटर द्यायची आणि अमेरिकेच्या सरकारी लेबलवर ५० मैल प्रति गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबात २१ च्या थोडं वर. गाडी जवळपास तीच, पण चाचणीची पद्धत वेगळी, वेग वेगळे, एसी वेगळा. त्यामुळे परदेशातला आकडा बघून हळहळू नका आणि आपल्याकडच्या २८ ला भुलूही नका. तुलना करायची तर एकाच देशातल्या एकाच चाचणीचे आकडे शेजारी ठेवावेत.

अमेरिकेला यारिस हायब्रिड कधी मिळालीच नाही, तिथे आज टोयोटाची हायब्रिड म्हणजे कोरोलापासून वर. युरोपात चित्र उलटं आहे. यारिस हायब्रिड तिथे फ्रान्समध्ये बनते, होंडा जॅझ आणि रेनॉ क्लिओही हायब्रिड मिळतात. जपानमध्ये तर निवडायला भरपूर. शिवाय जपानच्या जुन्या ॲक्वा जहाजाने श्रीलंकेला, पाकिस्तानला, केनियाला जातात. स्टिअरिंग उजवीकडे असल्याने तिथे थेट रस्त्यावर उतरतात. आपल्याकडे तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येत नाही आणि जी येईल तिच्यावर कर इतका की तो विषयच संपतो.

मग कंपन्या इथेच का बनवत नाहीत? मी मोजपट्टी घेऊन बसलो तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. आपल्याकडे २००६ पासून लहान गाडी म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चौकटीत बसणाऱ्या गाडीला, हायब्रिड असली तरी, १८ टक्के जीएसटी आहे. चौकटीबाहेर गेली की ४०. आता एकेक गाडी लावून बघा. यारिस ३९४० मिलिमीटर, लांबीत पास, पण इंजिन दीड लिटरचं. ॲक्वाचंही तसंच. निसानची नोट ई-पॉवर बाराशे सीसीची, जिच्यात इंजिन फक्त वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. तिची सध्याची लांबी ४०४५, म्हणजे ४५ मिलिमीटरने नापास. सुझुकीने २०१७ साली जपानमध्ये खरीखुरी हायब्रिड स्विफ्ट विकली होती, तिचं इंजिन १२४२ सीसी. ४२ सीसीने गेली.

एकच गाडी अशी सापडली जी चौकटीत तंतोतंत बसते. टोयोटा रेझ, आणि तिचीच बहीण दाइहात्सु रॉकी. लांबी ३९९५, इंजिन ११९६ सीसी, हायब्रिड, २०२१ पासून जपानमध्ये, तिथल्या डब्ल्यूएलटीसी चाचणीत २८ किलोमीटर. मात्र २०२३ च्या मे महिन्यात या हायब्रिडच्या बाजूने धडकेच्या चाचणीत दाइहात्सुने गैरप्रकार केल्याचं बाहेर आलं आणि विक्री थांबवावी लागली. पुढे ती पुन्हा सुरू झाली. तरी एवढं सिद्ध होतं की आपल्या नियमात बसणारी हायब्रिड बनवता येते. हे लिहीपर्यंत भारतात चार मीटरच्या आत एकही पूर्ण हायब्रिड विकायला नाही. ज्या छोट्या गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असतं त्या माइल्ड आहेत. त्यांची छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, गाडी एकटीने चालवत नाही. शोरूममध्ये हा फरक स्पष्ट विचारून घ्या. एका शोरूममध्ये मला माइल्ड गाडी दाखवून ‘‘काका, हीसुद्धा हायब्रिडच आहे, चार्जिंगला लावायची गरजच नाही’’ असं सांगितलं गेलं. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला हे असं सांगणं मला अजिबात पटलेलं नाही.

आज पर्याय थोडेच. हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा यांची यंत्रणा एकच. तीच यंत्रणा मारुतीने २०२५ मध्ये व्हिक्टोरिसमध्ये बसवली, तिचा आकडा २८.६५. तिघींमध्ये ज्या सर्व्हिस सेंटरवर तुमचा भरवसा आहे ती निवडा, इतकं साधं आहे. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. डिकी लहान होते, दोन मोठ्या बॅगा आणि द्राक्षांच्या पेट्या एकत्र मावत नाहीत.

होंडाची सिटी हायब्रिड २०२२ च्या मे महिन्यात आली. एका मित्राची आहे, मी चालवली आहे. चालवायला ती हायरायडरपेक्षा सरस. हायवेच्या वेगाला तिचं इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं आणि घुमणं कमी होतं. पण साध्या सिटीची ५०६ लिटरची डिकी हायब्रिडमध्ये ३०६ वर येते. आणि पाथर्डी फाट्याकडच्या स्पीडब्रेकरवर भरलेली गाडी खाली घासते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात वाकून बसणंही जड जातं.

पैशांचं बोलू. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये हायरायडरच्या साध्या ऑटोमॅटिक आणि हायब्रिडमध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास फरक होता. वर्षाला दहा हजार किलोमीटर शहरात फिरलात, साधी गाडी १३ देते आणि हायब्रिड २२ असं धरलं, तर वर्षाला सव्वातीनशे लिटरच्या आत बचत. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे बत्तीस-तेहतीस हजार. फरक वसूल व्हायला आठ वर्षांच्या वर लागतात. वीस हजार फिरणाऱ्याला चार-साडेचार. पूर्वी हायब्रिडवर एकूण ४३ टक्के कर होता आणि तिच्या साध्या बहिणीवर ४५, आता दोघींना ४०. इलेक्ट्रिकला ५. उत्तर प्रदेशने २०२४ च्या जुलैमध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, आपल्या कोटेशनमध्ये मात्र टॅक्स पेट्रोलच्या गाडीइतकाच दिसला. शहरातल्या शहरात जी गाडी चाळीस टक्क्यांच्या आसपास पेट्रोल वाचवते तिला राज्याने काहीच सवलत देऊ नये, हे मला खटकतं.

म्हणून माझा सल्ला असा. रोज सातपूर, अंबड, नाशिक रोड असं चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणं असेल, सीएनजीच्या रांगेत उभं राहायला वेळ नसेल आणि घरी चार्जर बसवायला सोसायटी परवानगी देत नसेल, तर हायब्रिड घ्या. घरी चार्जिंग शक्य असेल आणि लांब जाणं क्वचितच, तर इलेक्ट्रिक स्वस्त पडेल. वर्षाला आठ-दहा हजारच फिरत असाल तर साधी लहान पेट्रोल गाडी घ्या आणि वाचलेले पैसे बँकेत ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह घेताना गंगापूर रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर नेतील, तिथे काही कळत नाही. संध्याकाळी सहानंतरची वेळ मागा आणि गाडी द्वारका चौकातून न्यायला सांगा. पडद्यावर एनर्जी फ्लोचं चित्र लावून ठेवा आणि सरकत्या गर्दीत इंजिन किती वेळ बंद राहतं ते एसी चालू ठेवून बघा.