अंतराळवीर शिबिर: चाक झकास, मार्गदर्शन कच्चं

शनिवार-रविवारचं शिबिर, तिसरी ते आठवीसाठी, फी साडेतीन हजार. नातीला घेऊन गेलो होतो. माझी नोकरी ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलमध्ये, सुखोई लढाऊ विमानांच्या हँगरात झाली, त्यामुळे मी जरा चिकित्सक आहे.

फिरतं चाक मात्र एक नंबर! एकात एक तीन कड्या, मधे खुर्ची. तिथल्या ताईंनी प्रत्येक मुलाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला, बकल दोनदा तपासलं. नात उतरली ती ‘आजोबा, परत!’ म्हणतच.

घोडं अडलं पालकांच्या सत्रात. ‘बारावीला नव्वद टक्के आणा, नासाचा रस्ता मोकळा’ असं सरळ ठोकून दिलं. अहो, नासाला आधी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. मग विज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातली मास्टर्स, शिवाय तीन वर्षांचा अनुभव नाहीतर वैमानिक म्हणून हजार तास. निवडीनंतर सुमारे दोन वर्षं प्रशिक्षण, त्यात ह्यूस्टनच्या बारा मीटर खोल तलावात सूट घालून स्पेसवॉकचा, म्हणजे यानाबाहेर काम करण्याचा सराव. आपल्या ‘गगनयान’ या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट, 2020-21 मध्ये ते मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात शिकत होते. यातलं अवाक्षर नाही, पण पुस्तिकेत स्वतःच्या कोचिंगची जाहिरात तीन पानं!

पोहे गार होते.

मुलांसाठी चार तारे, पालकांसाठी एक. जाणार असाल तर चाकाचा नंबर सकाळीच लावा, जेवणानंतर रांग वाढते.