विहिरीपायी 2,19,500 गेले आणि आमची हजेरी लागली रस्त्याच्या कामावर

पंचायत समितीत विहिरीची फाईल कशी पुढे सरकते हे खेड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. मलाही ठाऊक होतं. तरी फसलो.

आमची साडेतीन एकर कोरडवाहू. रोजगार हमीतून सिंचन विहिरीला नोव्हेंबर 2022 च्या शासन निर्णयाने 4 लाखांपर्यंत अनुदान झालं, एवढं ऐकून होतो. सप्टेंबर 2024 मध्ये तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात एक माणूस भेटला. शेजारच्या गावातला, लांबून सोयरीक निघणारा. आमच्या गावातल्या दोन विहिरी त्यानेच करून दिलेल्या. त्या विहिरींचं पाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. मग विश्वास ठेवला तर माझं काय चुकलं? सातबारा, आठ-अ घेऊन मी आधी चार वेळा पंचायत समितीत गेलो होतो. चारही वेळा "साहेब साईटवर गेलेत" हेच उत्तर.

त्याने फाईलचे 15,000 घेतले. मग तांत्रिक मान्यतेचे 12,000, मग कार्यारंभ आदेशाचे, म्हणजे काम सुरू करायच्या हुकुमाचे, 8,000. सगळे रोख. "आप्पा, आचारसंहिता लागायच्या आत काढू, नाहीतर वर्ष जाईल." विधानसभा तोंडावर होती, 15 ऑक्टोबरला आचारसंहिता लागलीच. त्याचं प्रत्येक बोलणं असं खऱ्याला चिकटलेलं असायचं. ग्रामसभेचा ठराव? "तो मागून जोडतात."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने कार्यारंभ आदेशाची झेरॉक्स हातात दिली. तिथेच मला कळायला हवं होतं. कागदावर माझं नाव, गट नंबर, गोल शिक्का, सगळं होतं. पण माझ्या नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा बारीक होती आणि कामाच्या सांकेतांकात मध्येच 'आरसी' लिहिलेलं. पुतण्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, वैयक्तिक कामाला आयएफ असतं ना? आरसी म्हणजे रस्ता." मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "तो ऑफिसचा कोड आहे आप्पा, त्याचा आपल्याशी संबंध नाही." आणि मी पुतण्यालाच गप्प केलं. चार माणसांत, चहाच्या हॉटेलात. तो सांकेतांक मनरेगाच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, संकेतस्थळावर टाकून बघायला पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांची आठवण आली की आजही रात्री झोप लागत नाही.

दुसरी खूण त्याहून उघडी होती. काम सुरू व्हायच्या आधी मोकळ्या जागेचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो काढावा लागतो, मग काम चालू असताना, मग पूर्ण झाल्यावर. आमच्या बांधावर ग्रामरोजगार सेवक फिरकला नाही, तांत्रिक सहायकही नाही. पहिला फोटो झाल्याशिवाय कुदळसुद्धा मारू नका.

दिवाळीनंतर पोकलेन लावला. हो, रोजगार हमीच्या कामाला यंत्र लावायची परवानगी नाही हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे आठ-दहा फुटांखाली काळा पाषाण लागतो, तिथे टिकाव काय करणार? आजूबाजूच्या विहिरी सगळ्यांनी अशाच पाडल्यात. "तुम्ही पाडून घ्या, मस्टर मी काढतो," हे त्याचंच वाक्य. मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट. पोकलेनचे 1,46,500 आणि सुरुंगवाल्याचे 38,000 मी दिले. त्याच्या 35,000 सकट 2,19,500. त्यातले दीड लाख सोसायटीचं आणि मेव्हण्याचं कर्ज आहे.

पैसे घेऊन तो थांबला असता तरी एक वेळ समजलो असतो. आमचं जॉबकार्ड, म्हणजे रोजगार हमीच्या मजुराचं कार्ड, त्याच्याकडेच होतं. जानेवारी ते मार्च 2025 मध्ये तो तीनदा घरी मशीन घेऊन आला, "केवायसी करायची आहे" म्हणून माझा आणि बायकोचा अंगठा घेऊन गेला. एप्रिलमध्ये पासबुक भरलं तेव्हा उघडं पडलं. दोघांच्या नावावर 42-42 दिवसांची हजेरी, 297 रुपये रोजाने प्रत्येकी 12,474, मिळून 24,948 जमा. आणि तेवढेच अंगठ्यावर काढलेले. काम कुठलं, तर दुसऱ्या गावचा पाणंद रस्ता. तो गाव माझ्या बायकोने पाहिलेलाही नाही. रस्त्याच्या कामावर मजुरांचा फोटो रोज दोनदा ॲपवर चढवावा लागतो. आमच्या जागी कोणाचे फोटो चढले, ते तपासणाऱ्याने काय पाहिलं, हे मला कोणी सांगत नाही. अंगठा कधीच कोणाच्या घरच्या मशीनवर देऊ नका. बँकेतच द्या, आणि पावती घ्या.

आता तक्रारीचं ऐका. पंचायत समितीत सांगितलं, "तुमची फाईल आमच्याकडे आलेलीच नाही." मग शिक्का कोणाचा? "ते पोलिसांना विचारा." पोलीस म्हणाले, रोख दिल्याचा पुरावा नाही, हा दिवाणी मामला. बँकेत म्हणाले, अंगठा तुमचाच आहे. एका साहेबांनी तर तोंडावर सांगितलं, "खोट्या हजेरीचे पैसे तुमच्या खात्यात आलेत, वसुली तुमच्याकडूनच होईल." घरी आल्यावर बायको दोन दिवस जेवली नाही. ग्रामसेवक ग्रामरोजगार सेवकाकडे बोट दाखवतो, तो ऑपरेटरकडे, ऑपरेटर म्हणतो आयडी माझा पण पासवर्ड चौघांकडे. सभापतीकडे जावं तर 2022 पासून तेव्हा तिथे निवडून आलेलं कोणी नव्हतं, प्रशासकच होता. जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा अर्ज फिरून त्याच पंचायत समितीकडे आला, ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच चौकशी. माहिती अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून त्या रस्त्याची मस्टरं मागितली. तीस दिवस झाले, कागद नाही. अपील केलंय. मनरेगाच्या जिल्हा लोकपालाकडेही अर्ज टाकलाय.

पैसे मागितल्याबरोबर मी 1064 ला, लाचलुचपत खात्याला फोन करायला हवा होता. दिल्यावर कोणी विचारत नाही. विहिरीचा अर्ज ग्रामपंचायतीत फुकट देता येतो, ॲपवरूनही भरता येतो. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जॉबकार्ड घरातच ठेवा.

शेतात अठ्ठावीस फुटांचा खड्डा आहे, बांधकाम नाही. या पावसात पूर्वेची कड ढासळली. पोरं आणि जनावरं तिकडे जाऊ नयेत म्हणून मी काटेरी तार लावलीय. तारेचे 3,200 गेले.