बाळाचा विमानप्रवास: मांडी, बॅसिनेट की स्वतःची सीट?

दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी तिकीट काढताना तीन पर्याय असतात: मांडीवर घेणं, बॅसिनेट म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मागणं, किंवा वेगळी सीट घेणं. स्वस्त काय ते लगेच कळतं. बाळाचं वय आणि प्रवासाचे तास यांना काय जुळतं, ते मात्र नीट पाहावं लागतं.

पुणे-दिल्ली किंवा मुंबई-नागपूरसाठी मांडी पुरते. देशांतर्गत प्रवासात बाळाचं ठरावीक शुल्क लागतं, परदेशच्या तिकिटावर बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या 10 टक्क्यांच्या आसपास आणि वर कर. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं. जुळ्यांना घेऊन आई एकटीच निघाली असेल, तर दुसऱ्यासाठी सीट घ्यावी लागते आणि ती कशी मिळेल हे कंपनीला आधी विचारावं लागतं. दोन बहिणी आपापली बाळं घेऊन शेजारी-शेजारी बसल्या, तर त्यांतल्या एकीला उठवतात. याचं कारण वर छतात आहे: एअरबस ए320 किंवा बोइंग 737मध्ये तीन सीटच्या रांगेवर सहसा चारच ऑक्सिजन मास्क असतात, म्हणून तिथे मांडीवरचं एकच बाळ चालतं.

पट्ट्याचा नियम देशागणिक बदलतो. भारतीय आणि युरोपीय विमानांत क्रू छोटा जोडपट्टा देतात. तो आपल्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटावर लावायचा. अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत टेक-ऑफ आणि लँडिंगला तो चालत नाही, बाळ नुसतं हातांत धरावं लागतं. अंगावर बांधायची झोळीही त्या वेळी चालत नाही. आपल्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळण्याचा मोह मात्र कधीच नको. झटका बसला की आपलं सगळं वजन बाळावर येतं.

मुंबईहून लंडन किंवा न्यूअर्कला निघताना सहा-सात महिन्यांपर्यंतच्या बाळाला बॅसिनेट हा उत्तम पर्याय. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे साधारण 10 ते 14 किलो, लांबीचीही असते, पण बाळ आधाराशिवाय बसायला लागलं की वजन बसत असूनही ते त्यात टिकत नाही. शिवाय सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. धक्क्यांच्या रात्री हे चार-पाच वेळा होऊ शकतं आणि दर वेळी झोप मोडते. भिंतीसमोरच्या त्या पहिल्या रांगेत दोन सीटमधले हात टेकायचे दांडे उचलता येत नाहीत, कारण ट्रे त्यांतच असतो. टेक-ऑफ आणि लँडिंगला पिशवी पायाशी ठेवता येत नाही, ती वर जाते. तेव्हा दोन डायपर, वाइप्स आणि दुधाची बाटली हाताशी काढून ठेवा. बॅसिनेट मोजकीच असतात. तिकीट निघाल्या दिवशी फोन करून मागणी नोंदवा आणि प्रवासाच्या आधी पुन्हा खात्री करा. कंपनीने विमान बदललं तर नोंद उडू शकते.

दहा महिन्यांपासून पुढे, रांगणाऱ्या-चालणाऱ्या बाळाला घेऊन आठ तासांच्या वर जायचं असेल, तर आमचा कौल वेगळ्या सीटला. पूर्ण सेवेच्या बऱ्याच कंपन्या तिला मोठ्यांच्या भाड्याच्या 75 टक्क्यांच्या आसपास भाडं लावतात, स्वस्त कंपन्या बहुधा पूर्ण. खर्च मोठा आहे, पण कार सीटमध्ये, म्हणजे गाडीत बाळासाठी लावतात त्या पट्ट्यांच्या खुर्चीत, बांधलेलं बाळ धक्क्यांतही सुरक्षित राहतं आणि झोपतंही. कार सीट विमानासाठी मान्य आहे हे सांगणारा छापील मजकूर तिच्यावर असावा लागतो. अमेरिकेत तो लाल अक्षरांत असतो. रुंदी 16 इंचांच्या आत असेल तर ती बहुतेक सीटमध्ये बसते. तिला खिडकीची जागा देतात, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. मुलाला नुसतं उंच बसवणारी, पाठ नसलेली बूस्टर सीट टेक-ऑफला चालत नाही. ओझं नको असेल तर 10 ते 20 किलोच्या मुलासाठी केअर्स हा पट्ट्यांचा हार्नेस अमेरिकेत मान्य आहे. इतर देशांच्या कंपन्यांना आधी विचारा.

जन्मतारखेचा घोळ नेहमीचा. सहलीदरम्यान बाळ दोन वर्षांचं होणार असेल, तर वाढदिवसापासूनच्या प्रवासाला सीटच लागते, त्यामुळे परतीचं तिकीट त्याच हिशेबाने काढा. आणखी एक चूक विमानतळावरच उघडी पडते: बुकिंगमध्ये बाळाचं नाव असतं, पण तिकीट निघालेलंच नसतं. दोन कंपन्यांच्या जोडप्रवासात हे जास्त होतं. बाळाच्या नावापुढे 13 अंकी तिकीट क्रमांक दिसतोय का, ते घरीच तपासा. देशांतर्गत प्रवासाला जन्मदाखला जवळ ठेवा. परदेशी जायला तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट आणि लागेल तिथे व्हिसा हवा.

दूध, फॉर्म्युला आणि बाळाचं जेवण यांना द्रवपदार्थांची 100 मिलीची अट नाही, पण सुरक्षा तपासणीत ते वेगळं काढून दाखवा. बाबागाडी बहुतेक कंपन्या फुकट नेतात. ती उतरल्यावर विमानाच्या दाराशी मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे टॅग लावतानाच विचारून घ्या; मध्ये विमान बदलायचं असेल तर तोवर बाळ कडेवरच राहणार आहे.